जुन्या पीसीची हार्डडिस्क जाऊन राहिली : गेम आणि गावाची टीम कशी वाचवायची?

पऱ्हाटी_पेरा (दारव्हा तालुका, यवतमाळ)
राम राम मंडळी. घरचा पीसी 2012 चा आहे. मी एमएससीआयटी करत होतो तेव्हा बाबांनी कापसाच्या चुकाऱ्यातून घेऊन दिला. दुसऱ्या पिढीचा आय3, एच61 चा बोर्ड, 4 जीबी रॅम, 500 जीबीची हार्डडिस्क. विंडोज 10 आहे. इतकी वर्षं बिनातक्रार चालला.

महिनाभरापासून सुरू व्हायलाच दहा-बारा मिनिटं लागतात. फोल्डर उघडलं की गोठते. आतून टक्-टक् आवाज येते, मग थोडा वेळ शांत, मग पुन्हा टक्-टक्. तालुक्याच्या एका दुकानात नेला. त्यांनी डब्बा न उघडताच सांगितलं, बोर्ड गेला, नवीन घ्या. मी परत घेऊन आलो.

माझा जीव अडकला आहे एका फाइलीत. लहान भावानं 2013 मध्ये क्रिकेट 07 या गेममध्ये एका काउंटी संघाची नावं बदलून आमच्या गावाची टीम बनवली होती. आखरावर टेनिस बॉलनं खेळणारे पंधरा जण, कोण डावखुरा, कोण फिरकी टाकते, सगळं बरोबर भरलेलं. त्यातले अर्धे आता गावात नाहीत. भाऊ चाकणला कंपनीत आहे. ती टीम गेली तर पुन्हा बनणार नाही. त्याशिवाय व्हाइस सिटी, मोस्ट वाँटेड आणि स्टीम या ऑनलाइन दुकानातून घेतलेले दोन-तीन गेम आहेत.

तर डिस्क बदलायची तर एसएसडी (चिपवाली, न फिरणारी डिस्क) घ्यावी का साधी? गेम पुन्हा टाकायचे कसे? आणि टीम कशी वाचवू?

एसएमपीएस_डॉक्टर (अमरावती)
पहिले पीसी बंद करा. वायर काढून ठेवा. बाकी रात्री लिहितो.

मेळघाट_गाडी (परतवाडा)
भाऊ, आमच्या इकडे एकानं हार्डडिस्क पन्नीत गुंडाळून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवली होती अन् सकाळी चालली. करून पाहा.

लिनक्स_गडी (मूळ आर्वी, सध्या पुणे)
नका करू! फ्रीजरमधून काढलेल्या थंड डिस्कवर आपल्या हवेत लगेच दव धरते. आतली तबकडी आणि तिच्यावरचं वाचणारं हेड यांच्यात केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी कमी अंतर असते, तिथं ओल म्हणजे खेळ खलास. एखाद्याची चालली असेल तर ती नशिबानं चालली. टीम वाचवायची असेल तर नशिबावर सोडू नका.

मेळघाट_गाडी
बरं बापा, परत घेतो. माह्या फ्रीजरमध्ये तसंही आंब्याचा रस भरून हाये, जागा नाही.

एसएमपीएस_डॉक्टर
आता सविस्तर. पंधरा वर्षं डब्बे उघडून राहिलो, त्यावरून सांगतो. टक्-टक् आली म्हणजे डिस्कच गेली असं दर वेळी नसते. डिस्कची मोटर 12 व्होल्टवर फिरते. जुन्या एसएमपीएसचे, म्हणजे डब्ब्याला वीज पुरवणाऱ्या पेटीचे, कपॅसिटर फुगले की लोड आल्यावर 12 चे 11 होतात. मोटरचा वेग पडते, हेड मागं जाऊन बसते, पुन्हा निघते, आणि आवाज तोच. आपल्याकडची लाईन कधी 170 वर, कधी 260 वर. त्यात हलका एसएमपीएस म्हणजे बैलगाडीला एक चाक कमी.

मल्टीमीटर असेल तर डीसी 20 वर ठेवा. डिस्कला येणाऱ्या पॉवरच्या कनेक्टरमध्ये काळी आणि पिवळी म्हणजे 12 व्होल्ट, काळी आणि लाल म्हणजे 5. पाच टक्के वर-खाली चालते, म्हणजे 11.4 ते 12.6 आणि 4.75 ते 5.25. पीसी चालू असताना मोजा. एसएमपीएसचा डब्बा मात्र स्वतः उघडू नका, बंद केल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये झटका शिल्लक असते.

संत्राबाग (वरूड)
डॉक्टरसाहेबांना अनुमोदन. सोबत साटा केबल, म्हणजे डिस्क बोर्डाला जोडणारी वायर, बदलून पाहा, फार पैसे लागत नाहीत. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात डिस्कची कुंडली दिसते. 05, सी5, सी6 आणि सी7 या चार ओळींचे आकडे इथं टाका.

पऱ्हाटी_पेरा
गावच्या वायरमनचा मल्टीमीटर आणला. 5 चे 4.9 आहेत. 12 चे मात्र 11.1! आणि डिस्क आवाज करते तेव्हा 10.9 दाखवते.
कुंडली पिवळी आहे, 'सावधान' म्हणते. 05 समोर शेवटी बी8, सी5 समोर 2एफ, सी6 समोरही 2एफ, सी7 समोर शून्य. हे काय आहे ते समजलं नाही.

संत्राबाग
ते दहाऐवजी सोळाच्या मोजणीतले (हेक्साडेसिमल) आकडे आहेत. बी8 म्हणजे 184, 2एफ म्हणजे 47. अर्थ असा : 184 जागा खराब निघाल्या म्हणून डिस्कनं त्यांच्याऐवजी आपल्या राखीव जागा वापरल्या. 47 जागा अशा आहेत की वाचायला गेलं तर वाचता येत नाहीत, त्यांचा निकाल अजून लागायचा आहे. सी7 शून्य, म्हणजे केबल ठीक.
एसएमपीएसही गेला आणि डिस्कही चालली, दोन्ही खरं आहे. बोर्ड गेल्याचं मात्र यात कुठंच दिसत नाही.

तर्रीपोहा (नागपूर)
मी वेगळं बोलतो, रागावू नका. चौदा वर्षांच्या डब्ब्यात पैसे घालू नका. एसएमपीएस झाला, डिस्क झाली, उद्या रॅम म्हणेल मी चाललो. विंडोज 10 चे नेहमीचे सुरक्षा अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला संपले. विंडोज 11 ला इंटेलचा आठव्या पिढीचा प्रोसेसर आणि टीपीएम 2.0 ही सुरक्षेची चिप लागते, दुसऱ्या पिढीला ते नियमात बसत नाही. सीताबर्डीत ऑफिसातून निघालेले आठव्या पिढीचे पीसी मिळतात. एकदाच जाऊन घेऊन या.

अंबाडीची_भाजी (हिंगणघाट)
तर्रीपोहा, तुमचं गणित शहरातून बरोबर आहे. मी शाळेत शिकवते. आमच्या गावात धडके चार पीसी आहेत, त्यातला एक शाळेचा. ज्याच्या घरी पीसी आहे त्याच्याकडे शेजारचं पोरगं टायपिंग शिकते, कोणी सातबारा काढून नेते, कोणाचा शिष्यवृत्तीचा फॉर्म भरते. महिनाभर बंद पडला तर दहा घरांचं अडते. दुरुस्त होणारी वस्तू दुरुस्त करावी, या मताची मी आहे. बँकेचं काम त्यावर करू नये, एवढं मात्र तुमचं मान्य.

पऱ्हाटी_पेरा
ताई, अगदी असंच आहे. नवीन घ्यायचा तर पुढच्या हंगामाचं पाहू. आता हाच चालवायचा आहे.

लिनक्स_गडी
मग ऐका. घाईघाईत विंडोजमधून चेक डिस्क चालवू नका. ते खराब जागा पुन्हा पुन्हा वाचत बसते, आणि मरायला टेकलेल्या डिस्कला तेच सोसत नाही. क्रम असा ठेवा : आधी नवीन एसएमपीएस, मग कॉपी, मग बाकी सगळं. गेम पुन्हा मिळतात, सेव्ह फाइल मिळत नाही.

पेनड्राइव्हवर लिनक्स मिंट (विंडोजसारखीच, पण फुकट सिस्टीम) टाका आणि इन्स्टॉल न करता त्यावरूनच पीसी सुरू करा. पहिले फक्त डॉक्युमेंट्स फोल्डर दुसऱ्या पेनड्राइव्हवर घ्या. क्रिकेट 07 ची नावांची फाइल तिथंच गेमच्या नावाच्या फोल्डरमध्ये असते, शेवटी .आरओएस असते. व्हाइस सिटी आणि मोस्ट वाँटेडचे सेव्हही डॉक्युमेंट्समध्येच.

ते झालं की अख्ख्या डिस्कची नक्कल. त्यासाठी डीडीरेस्क्यू हा प्रोग्रॅम वापरा. मिंटमध्ये पॅकेजचं नाव जीडीडीरेस्क्यू असं आहे, पुढं एक जी जास्त. हे आधी सोप्या जागा भराभर उचलते आणि अवघड जागांना शेवटी हात लावते. डिस्क मधेच मेली तरी बहुतेक माल तोवर हाती आलेला असते.

आपल्या भागासाठी याचा सगळ्यात मोठा गुण दुसराच आहे. कुठवर वाचलं, कुठं अडलं, याची नोंद ते एका नकाशा फाइलीत ठेवते. लाईन गेली तर काही बिघडत नाही. लाईन आली की तोच हुकूम पुन्हा द्यायचा, ते जिथं थांबलं होतं तिथून पुढं चालू लागते. फक्त ही नकाशा फाइल नक्कल घेतो त्या डिस्कवर ठेवा. पेनड्राइव्हवरून चालणाऱ्या मिंटच्या डेस्कटॉपवर ठेवली तर लाईन गेल्याबरोबर ती पुसली जाते. माझं एकदा नऊ तासांचं काम असं गेलं आहे, आर्वीला, ऐन मे महिन्यात.

कोळसानगरी (चंद्रपूर)
500 जीबीला किती वेळ लागते?

लिनक्स_गडी
डिस्क ठणठणीत असेल तर सेकंदाला शंभर एमबीच्या हिशेबानं दीड तासाच्या आत. अशा आजारी डिस्कला एक रात्र लागेल, नाहीतर चार दिवस. आणि नक्कल ठेवायला 500 पेक्षा मोठी डिस्क पाहिजे, 256 च्या एसएसडीत ती मावणार नाही. ती डिस्क फॅट32 पद्धतीनं फॉरमॅट केलेली नको, त्यात 4 जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही.

कोळसानगरी
गरमीबद्दल कोणीच बोललं नाही. आमच्याकडे मे महिन्यात पारा 46-47 ला जाते. साध्या हार्डडिस्कला कंपन्या बहुतेक 60 अंशांपर्यंतची मर्यादा देतात. खोलीच 44 असेल तर डिस्क 55 च्या वर जाणारच. मी दुपारी 12 ते 5 पीसी लावतच नाही.

मेळघाट_गाडी
मी तं कूलर सीपीयूच्या समोरच लावतो. मस्त थंडा राह्यते.

एसएमपीएस_डॉक्टर
मेळघाट भाऊ, तो कूलर उद्याच सरकवा. कूलरची हवा ओली असते आणि आपल्या बोअरचं पाणी खारं. जाळीवर जो पांढरा थर बसते, तोच तुषारासोबत बोर्डावर जाऊन बसते. मी असे बोर्ड उघडले आहेत, चिपच्या पायापायांवर हिरवं चढलेलं. कूलर खोलीला लावा, डब्ब्याला नाही.

पऱ्हाटी भाऊ, एक विचारतो. दिवाळीनंतर घरात कापूस भरून ठेवता का? आणि पीसी त्याच खोलीत आहे का?

पऱ्हाटी_पेरा
हो. भाव येईपर्यंत समोरच्या खोलीत छतापर्यंत कापूस असतो. पीसी त्याच खोलीत कोपऱ्यात. तुम्हाला कसं कळलं?

एसएमपीएस_डॉक्टर
यवतमाळकडून आलेला दर तिसरा डब्बा तसाच असते. रुईचे बारीक तंतू पंख्यानं आत ओढले जातात आणि प्रोसेसरच्या हीटसिंकमध्ये नमद्यासारखा थर बसते. एसएमपीएसच्या पंख्यातही तेच. मग हवा खेळत नाही, आतलं सगळं भाजते, कपॅसिटर फुगतात. तुमचा 11.1 व्होल्ट तिथूनच आला असेल. पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवा आणि मऊ ब्रशनं साफ करा. ब्लोअरनं पंखा फिरू देऊ नका. कापूस आहे तोवर पीसी दुसऱ्या खोलीत हलवा.

वैनगंगाकाठ (ब्रह्मपुरी)
आमच्याकडे तेच काम धानाचा भुसा करते. मळणीच्या दिवसांत मी डब्ब्यावर जुनं लुगडं टाकून ठेवतो, अर्थात बंद असताना. आई म्हणते देव्हाऱ्यावरही एवढं काळजीनं टाकत नाहीस.

अंबाडीची_भाजी
वैनगंगाकाठ, आईंचं बरोबर आहे!

तर्रीपोहा
कापसाचं मला माहीत नव्हतं. चांगली गोष्ट कळली. बरं, आता डिस्क कोणती ते सांगतो, तेवढं तरी माझं ऐका. डोळे मिटून एसएसडी. एच61 च्या पोर्टचा वेग सेकंदाला 3 गिगाबिटच आहे, म्हणून एसएसडीचा पूर्ण वेग मिळणार नाही, 270 एमबीच्या आसपास थांबेल. तरी फरक जमीन-अस्मानाचा. साध्या डिस्कला एक फाइल शोधायला हेड हलवत दहा-पंधरा मिलिसेकंद जातात, एसएसडीत हलणारं काही नसते, ते काम एका मिलिसेकंदाच्याही आत होते. विंडोज सुरू होणं आणि गेम लोड होणं म्हणजे हजारो बारीक फाइली शोधणंच आहे. अडीच इंची साटा एसएसडी घ्या. एम.2 ची पातळ पट्टी घेऊ नका, या बोर्डांना तिची जागा नसते. विंडोज टाकायच्या आधी बायोसमध्ये (बोर्डाच्या सेटिंगमध्ये) साटा मोड जुना आयडीई असेल तर एएचसीआय करा.

संत्राबाग
आणि विंडोज 64 बिटचंच टाका. स्टीमनं 1 जानेवारी 2024 पासून विंडोज 7 आणि 8 सोडलं, 2026 च्या सुरुवातीपासून 32 बिटही सोडलं. परवान्याची चिंता नको. विंडोज 10 चा डिजिटल परवाना बोर्डाशी जोडलेला असते, डिस्क बदलली तरी नेट लावल्यावर आपोआप चालू होते.

पऱ्हाटी_पेरा
स्टीमचे गेम 70 जीबीच्या घरात आहेत. माझ्याकडे मोबाइलचं नेट, दिवसाला 2 जीबी. पस्तीस दिवस लागतील!

संत्राबाग
काहीच लागणार नाही. नक्कल घेतली की त्यातून स्टीमअॅप्समधलं कॉमन फोल्डर नवीन डिस्कवर त्याच जागी ठेवा. मग स्टीममध्ये इन्स्टॉल दाबा. ते आधी असलेल्या फाइली तपासते आणि जेवढं कमी-जास्त आहे तेवढंच उतरवते. माझ्या 40 जीबीच्या गेमला 300 एमबी लागलं. गावात दुसऱ्या कोणाकडे तोच गेम असेल तर 2023 पासून स्टीम एकाच राऊटरवरच्या दुसऱ्या पीसीतूनही घेऊ शकते.

वैनगंगाकाठ
सीडीवाल्या गेमचं काय? माझ्याकडे विकत घेतलेल्या मूळ सीड्या आहेत, विंडोज 10 वर त्यातल्या दोन चालतच नाहीत.

लिनक्स_गडी
त्यांच्यात सेफडिस्क नावाचं कुलूप असेल. त्या कुलपाचा ड्रायव्हर असुरक्षित होता म्हणून मायक्रोसॉफ्टनं विंडोज 10 मध्ये, 2015 पासून, तो ठेवलाच नाही. सीडी चांगली, गेम चांगला, पण किल्ली घ्यायला कोणी नाही. पैसे देऊन घेतलेल्या माणसावर हा अन्याय आहे असं मला मनापासून वाटते. गॉगसारख्या ऑनलाइन दुकानात काही जुने गेम बिनाकुलपाचे मिळतात आणि त्यांचा पूर्ण सेटअप डिस्कवर जपून ठेवता येतो. कमी नेटवाल्यांना तोच मार्ग बरा.

चावडी_राखण (व्यवस्थापन)
इथून पुढं कोणी क्रॅक किंवा कॉपी सीडीची लिंक टाकू नये. दोन प्रतिसाद काढले आहेत. बाकी चर्चा छान चालू आहे.

पऱ्हाटी_पेरा
मंडळी, आठ दिवसांनी येतो आहे, सोयाबीनच्या फवारणीत होतो.

नवीन एसएमपीएस टाकला. आता 12 चे 11.9 आहेत. टक्-टक् पुष्कळ कमी झाली, पूर्ण गेली नाही. डॉक्टरसाहेब, हीटसिंकमधून मूठभर रुई निघाली. बाबांनी हातात घेऊन पाहिली, म्हणाले ही तर आपल्याच वावरातली.

पेनड्राइव्हवरून मिंट सुरू केलं. डॉक्युमेंट्स उघडायला सहा मिनिटं लागली. क्रिकेटचं फोल्डर होतं. त्यात .आरओएस च्या तीन फाइली. दोन लगेच आल्या. तिसरी, म्हणजे सगळ्यात शेवटी सेव्ह केलेली, येईना. कॉपी अर्ध्यात अडकली आणि डिस्क टकटकायला लागली. मी हात जोडून बंद केलं.

मग गावातल्या गुरुजींकडून 1 टीबीची डिस्क मागून आणली आणि डीडीरेस्क्यू लावलं. तीन दिवस चाललं. त्यात सात वेळा लाईन गेली. सातही वेळा जिथं होतं तिथून सुरू झालं. पहिल्या रात्रीतच 98 टक्क्यांच्या वर आलं होतं, उरलेले दोन दिवस शेवटच्या तुकड्यांवर गेले. शेवटी 31 जागा वाचल्याच नाहीत.

अंबाडीची_भाजी
तिसरी फाइल??

पऱ्हाटी_पेरा
आली ताई. त्या 31 मध्ये ती नव्हती.

मेळघाट_गाडी
जमलं! भाऊ, वाचता वाचता अंगावर काटा आला. कूलरही सरकवला मी, सांगायचं राह्यलं.

पऱ्हाटी_पेरा
पुढचं सांगतो, कोणाला कामी पडेल. एसएसडी टाकली, विंडोज टाकलं. स्टीम काही केल्या जोडेना, सुरक्षेची चूक दाखवे. नेट तर चालू होतं. दोन तास डोकं लावलं. मग खाली कोपऱ्यात पाहिलं तर तारीख 2011 ची! बोर्डावरचा सेल मेला होता. सीआर2032, घड्याळाच्या दुकानात मिळाला. तारीख बरोबर केली आणि स्टीम लगेच उघडलं.
संत्राबाग भाऊ, तुमची कॉमन फोल्डरची युक्ती चालली, तीन गेमला मिळून 1 जीबीही लागलं नाही.
आता अडकलं एकाच ठिकाणी. मोस्ट वाँटेड 'डी3डीएक्स9' नावाची डीएलएल नाही म्हणते. नेटवरून ती एक फाइल घेऊ का?

लिनक्स_गडी
सुट्या डीएलएल विकणाऱ्या साइटवरून अजिबात नको, व्हायरस त्याच वाटेनं येतात. मायक्रोसॉफ्टच्या साइटवर डायरेक्टएक्सचं जून 2010 चं रनटाइम आहे, ते टाका. विंडोज 10 मधल्या नवीन डायरेक्टएक्समध्ये त्या जुन्या फाइली नसतात.
आणि एखाद्या जुन्या गेमचा सेव्ह डॉक्युमेंट्समध्ये सापडला नाही तर नक्कलमधल्या अॅपडेटा, लोकल, व्हर्च्युअलस्टोअर या फोल्डरात पाहा. प्रोग्रॅम फाइल्समध्ये लिहू पाहणाऱ्या जुन्या गेमचं लिखाण विंडोज गुपचूप तिथं वळवते. लपलेली फोल्डरं दाखवायचा पर्याय चालू करावा लागेल.

पऱ्हाटी_पेरा
दोन्ही झालं. व्हर्च्युअलस्टोअरमध्ये तर मी 2014 मध्ये खेळलेल्या एका गेमचा सेव्ह सापडला, जो मी विसरलोच होतो.

तर्रीपोहा
एकूण खर्च किती आला? मी विरोध केला होता म्हणून विचारतो.

पऱ्हाटी_पेरा
एसएसडी, एसएमपीएस, सेल आणि एक साटा केबल मिळून 3,400 च्या आत. पीसी आता चाळीस सेकंदांत सुरू होतो. काल शेजारच्या पोरीनं त्यावर नवोदयचा फॉर्म भरला.

तर्रीपोहा
मग या पीसीपुरतं माझं मत मी मागं घेतो. जुनी डिस्क फेकू नका, आणि तिच्यावर भरवसाही ठेवू नका. .आरओएस फाइल दोन ठिकाणी ठेवा, एक भावाकडे पाठवा.

पऱ्हाटी_पेरा
पाठवली. रात्री अकराला त्याचा चाकणहून फोन आला, पाळी सुटल्यावर. पहिला प्रश्न : सलामीला मलेच ठेवलं हाय ना? मी गेम लावून फोन स्पीकरवर ठेवला. एकेक नाव वाचत गेलो आणि तो सांगत गेला, हा आता सुरतले, हा हैदराबादले, हा अजून गावातच. दीड तास बोललो. बाबाही येऊन बसले. त्यांना क्रिकेट कळत नाही, पण नावं सगळी ओळखीची.

संत्राबाग
भाऊ, ती फाइल मलाही पाठवा. नावं कशी बदलली ते पाहून वरूडची टीम बनवतो, मग दारव्हा विरुद्ध वरूड होऊन जाऊ द्या. पंधराव्या माणसाची उंची किती भरायची ते मात्र तुमच्या भावाला विचारून सांगा, तो रकाना मला कधीच कळला नाही.

पऱ्हाटी_पेरा
रविवारी सकाळी लाईन असते, दहा वाजता पाठवतो. उंचीचं भावाला विचारलं. तो म्हणे, आखरावरच्या बाभळीला उभं करून मोजली होती.